पोकरसाठी कॉलेज सोडायचं? आधी हा हिशोब मांडा

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा आणि २२ ला राष्ट्रपतींची सही. तीन दिवसांत पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बेकायदा ठरले. रमी, पोकर, पैशाची फँटसी टीम, सगळं त्यात आलं. मोठ्या अ‍ॅपनी लगेच पैशाचे खेळ बंद केले. आपल्याकडे चर्चा झाली ती रमीच्या जाहिरातींची आणि विधिमंडळात मोबाईलवर रमी दिसल्यावरून झालेल्या वादाची. तो आरोप माणिकराव कोकाटेंनी नाकारला, तरी त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. पण या कायद्याचा एक धागा थेट आपल्या गावातल्या घरांपर्यंत येतो, त्यावर कुणी बोललं नाही.

आपल्या पाटण, जावळी, माण, खटावची पोरं शिकायला मुंबईला जातात. कुणी गिरगावात नातेवाइकाकडे, कुणी दादरला वसतिगृहात, कुणी लालबाग-परळच्या चाळीत चुलत्याच्या खोलीवर. अशाच एका पोराची गोष्ट सध्या नात्यागोत्यात फिरतेय. परळला कॉलेज, दुसरं वर्ष. दीड वर्ष मोबाईलवर पोकर खेळला आणि सांगतो की, खर्च वजा जाता कमावलं. ऑगस्टमध्ये अ‍ॅप बंद झालं. आता एक एजंट म्हणतो, परदेशी अ‍ॅपवर ये, पूर्ण वेळ खेळ, महिन्याला पगारापेक्षा जास्त सुटतील. पोराला कॉलेज सोडायचंय. बाप म्हणतो जुगार, पोरगा म्हणतो डोक्याचा खेळ. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच घरात तोडगा निघत नाही.

पोरगा काय खोटं बोलत नाही

पोकर म्हणजे निव्वळ तीन पत्ती नव्हे. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच. कधी लावायचं, कधी पत्ते टाकून द्यायचे, समोरचा थाप मारतोय का, हे हिशोबाने ठरतं. अमेरिकेतल्या एमआयटीने या खेळाच्या गणितावर कोर्स घेतला आहे. २०१८ मध्ये निकिता लुथर पोकरच्या जागतिक मालिकेत जिंकली, ती अशी पहिली भारतीय महिला. २०२४ मध्ये संतोष सुवर्णा यांनी त्याच मालिकेतल्या एका स्पर्धेत ५४ लाख डॉलर मिळवले. ही नावं पोरांना पाठ असतात.

पण त्या स्पर्धेची प्रवेश फीच अडीच लाख डॉलर होती, म्हणजे दोन कोटी रुपयांच्या वर. ती भरणारा माणूस आणि चुलत्याच्या खोलीवर राहणारा विद्यार्थी एकाच धंद्यात नाहीत.

बाप काय खोटं बोलत नाही

आता नशिबाचा भाग. हातात एक्क्यांची जोडी आहे, समोरच्याकडे राजांची, आणि पाच पत्ते यायच्या आधीच सगळे पैसे लागले. एक्केवाल्याने काहीच चुकवलं नाही. तरी साधारण पाचातून एकदा तो हरतो. म्हणून चांगला खेळाडूसुद्धा महिनोन्महिने तोट्यात जातो, आणि कच्चा खेळाडू दीड वर्ष नफ्यात राहू शकतो. दीड वर्षाच्या नफ्यावरून हुशारी होती की पत्ते चांगले आले, हे त्या पोरालाही सांगता येणार नाही. आल्याच्या गाडीला एका वर्षी दर लागला म्हणून पुढच्या वर्षी सगळं रान आल्याखाली घालणारे आपण बघितलेत. दर लागणं ही त्यांची अक्कल नव्हती.

दुसरं म्हणजे कमिशन. बाजार समितीत माल विकला जातो, वर पैसे बाहेरून येतात. पोकरच्या टेबलावर बाहेरून काही येत नाही. समजा, सहा जणांनी दहा-दहा हजार आणले, झाले साठ हजार. टेबल चालवणारा प्रत्येक डावातून आपला वाटा काढतो. रात्रभरात सहा हजार त्याचे झाले तर सहा जणांत मिळून चोपन्नच उरले. तुम्हाला दुसऱ्यापेक्षा बरं खेळून भागत नाही, हा वाटा भरून निघेल इतकं जास्त बरं खेळावं लागतं. आणि तुमच्यापेक्षा कच्चे लोक रोज टेबलावर यावे लागतात. तुम्ही कमावलेला पैसा कुणाचा तरी गेलेलाच असतो. कायदा आणताना सरकारने सांगितलेला अंदाज होता की, ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ बसली आणि २० हजार कोटींच्या वर रुपये गेले.

तिसरा कर. जिंकलेल्या निव्वळ रकमेवर ३० टक्के कर, तो अ‍ॅपच कापायचं. एका वर्षाचा तोटा पुढच्या वर्षीच्या नफ्यातून वजा करता येत नाही. शिवाय भरलेल्या पूर्ण रकमेवर ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी होता, तो सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के केला.

आता रस्ते उरले किती?

कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे खरं. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. 'डोक्याचा खेळ' हा बचाव या कायद्यात चालत नाही, कौशल्य असो वा नशीब, पैसा लागला की बंदी. कंपन्या कोर्टात गेल्या, हायकोर्टांतल्या याचिका सुप्रीम कोर्टाने स्वतःकडे घेतल्या. त्या निकालाच्या भरवशावर आज कुणी कॉलेज सोडू नये.

राहिला गोवा. तिथे कॅसिनो कायदेशीर आहेत, पण प्रवेशाला वय २१ पूर्ण लागतं. दुसऱ्या वर्षाचा पोरगा एकोणीस-वीसचा. आपल्या राज्यात कॅसिनोचा १९७६ चा एक कायदा होता, तो कधी लागूच झाला नाही, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तोही रद्द करायचं ठरवलं.

मग उरतं ते एजंटचं परदेशी अ‍ॅप. इथे खरा धोका आहे. पैसे अडकले तर तक्रार करायला जागा नाही. जिंकलेले पैसे कुणा अनोळखी माणसाच्या खात्यातून तुमच्या खात्यावर येतात. ते फसवणुकीचे निघाले तर खातं गोठतं, आणि त्याच खात्यावर शिष्यवृत्ती आणि गावाकडचे पैसे येत असतात. खातं 'वापरायला' दिलं तर पोरगा खेळाडू राहत नाही, गुन्ह्यात सामील धरला जाऊ शकतो.

अमेरिकेत हे आधी घडून गेलंय. २००३ मध्ये एका अकाउंटंटने जागतिक स्पर्धेत २५ लाख डॉलर जिंकले, तेव्हापासून तिकडची पोरं कॉलेज सोडून ऑनलाइन पोकरला लागली. १५ एप्रिल २०११ ला सरकारने एका दिवसात तीन मोठ्या साइटना टाळं लावलं. त्यातल्या एका साइटवर अडकलेले पैसे परत मिळायला सुरुवात झाली २०१४ मध्ये. कुणी कॅनडाला गेले, कुणी मेक्सिकोला. त्यांचा खेळ वाईट नव्हता, धंद्याची जमीनच दुसऱ्याच्या हातात होती.

गिरणगावाला हे नवं नाही

लालबाग-परळला नशिबाचा आकडा नवा नाही. मटका सुरू झाला तो न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या-बंद होत्या भावावर. १९६१ मध्ये ते भाव येणं थांबलं, मग चिठ्ठ्या काढून आकडे लावायला लागले. कल्याणजी भगत आणि रतन खत्री ही नावं तेव्हाची. आकडा लावणाऱ्यांत आपल्याच भागातून गेलेले गिरणी कामगार होते. पण त्यांच्याकडे गिरणीचा पगार होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, पगार गेला. बऱ्याच घरांत तेव्हापासून एकच शिकवण राहिली, पोराला डिग्री पाहिजे.

मग पोराला काय सांगायचं?

ओरडून उपयोग नाही, त्याने लपवून खेळायला सुरुवात केली तर गोष्ट हाताबाहेर जाते. त्यापेक्षा समोर बसवून चार गोष्टी मागा. एक, दीड वर्षात किती भरले, किती काढले, ते बँकेच्या स्टेटमेंटवर दाखव. तोंडी नको. दोन, खोली, जेवण, प्रवास धरून वर्षाचा खर्च लिही आणि तेवढी रक्कम खेळाच्या पैशापासून वेगळी दाखव. तीन, उसने किंवा लोन अ‍ॅपचे पैसे आहेत का, ते सांग. चार, जो रस्ता सांगतोस तो आज कायद्यात बसतो का? माझ्या मते चौथ्यावरच बहुतेकांचा प्रश्न संपतो.

आणि शिक्षणात मन लागत नसेल, तर तो वेगळा प्रश्न आहे, तो पोकरच्या गळ्यात घालू नका. नव्या शैक्षणिक धोरणात पहिलं वर्ष पूर्ण करून बाहेर पडलं तर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा मिळायची सोय आहे. क्रेडिट बँकेत जमा झालेले गुण जास्तीत जास्त सात वर्षं धरले जातात. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून काम करत पदवी घेता येते. म्हणजे सेमिस्टर मध्येच टाकून पळण्यापेक्षा ते वर्ष संपवलं तर हातात कागद राहतो. फी सवलत आणि वसतिगृहाचा भत्ता मात्र शिक्षण चालू असेपर्यंतच, हे पोराने आणि बापाने दोघांनी ध्यानात ठेवावं.

ज्याला गणिताची, अंदाज बांधायची खरीच आवड आहे त्याला संख्याशास्त्र, विमा, बाजारभावाचा अभ्यास अशी कामं मुंबईतच आहेत. तिथे आत जायला पदवी विचारतात. त्या परळच्या पोराचं हे सेमिस्टर अजून संपलेलं नाही. परीक्षेचा फॉर्म भरून पेपर दिले तर बाकीचं त्यानंतरही ठरवता येईल.