गोळी पोहोचते, नेम पोहोचतो का?

नोव्हेंबरच्या शेवटी अमेरिकेतला क्लायंट फोन उचलत नसेल, तर दरवेळी थँक्सगिव्हिंगच कारण असतं असं नाही. विस्कॉन्सिनसारख्या राज्यात तेव्हा हरणांच्या शिकारीचा 9 दिवसांचा सीझन असतो. क्लायंटसाहेब भडक नारिंगी जॅकेट घालून जंगलात बसलेले असू शकतात!

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हरणाची शिकार म्हणजे थेट गुन्हा. तिकडे लायसन्स काढायचं, सरकारनं ठरवून दिलेल्या संख्येतच मारायचं, आणि मांस घरच्या फ्रीझरमध्ये. बरोबर की चूक, हा वाद घालायला वेगळा कॉलम लागेल. आजचा मुद्दा शिकाऱ्यांमध्येच पेटलेल्या वादाचा आहे: हरीण नेमकं किती लांबून मारावं?

विस्कॉन्सिनच्या दाट झाडीत हा प्रश्न फारसा येत नाही, हरीण जवळच दिसतं. पण वायोमिंग, मोंटानाच्या उघड्या माळांवर ते 500 यार्डांवर उभं असतं. त्यात हातात लेझर रेंजफाइंडर, मोबाइलवर बॅलिस्टिक अ‍ॅप आणि 2007 साली आलेल्या ‘6.5 क्रीडमूर’सारखी लांब पल्ल्याची काडतुसं. मोह होणारच ना!

आता जरा गणित. चांगली रायफल 100 यार्डांवर साधारण 1 इंचात गोळ्या बसवते. म्हणजे 500 यार्डांवर 5 इंच. हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून जागा असते 8 ते 10 इंचांची. सोप्पं वाटतं? थांबा. ही 1 इंचाची कमाई टेबलावर, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून केलेली असते. डोंगर चढून धापा टाकताना, सॅकवर नळी टेकवून, छाती धडधडत असताना तोच माणूस समजा 3 इंचांवर गेला, तर 500 यार्डांवर झाले 15 इंच. त्याची खरी मर्यादा 250 यार्डांच्या आसपासच संपली!

शिवाय 200 यार्डांवर सेट केलेली गोळी 500 पर्यंत 3 फुटांहून जास्त खाली येते. ते अ‍ॅप सांगतं. ताशी 10 मैलांचा आडवा वारा तिला फुटाहून जास्त ढकलतो. वाटेतल्या दरीत वारा कुठून वाहतोय, हे अ‍ॅपला कुठून कळणार? आणि गोळीला पोहोचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात हरणानं नुसतं एक पाऊल टाकलं, तर फुप्फुसांऐवजी पोटात गोळी बसते.

पोटात गोळी लागलेलं हरीण लगेच मरत नाही. ते झाडीत शिरतं आणि तासन् तास तडफडतं. म्हणून जाणते शिकारी सांगतात, हरीण आडवं उभं असू दे, नेम पुढच्या पायाच्या जरा मागे धर. डोक्यावर मारायची हौस नको. मेंदू छोटा, मान सतत हलती, आणि चुकलं तर जबडा फुटून ते जिवंत पळतं.

नॉर्वेत तर मोठ्या जनावरांच्या शिकारीआधी दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. 100 मीटरवर 5 गोळ्या, पाचही 30 सेंटीमीटरच्या वर्तुळात. एक जरी बाहेर गेली तरी पुन्हा परीक्षा!

बॉस, फंडा एवढाच: रेंज रायफलची नसते, माणसाची असते. दहापैकी दहा वेळा जिथे नेम बसतो, तिथवरच आपली हद्द. हरीण त्यापलीकडे असेल तर वाऱ्याचा अंदाज घेत, वाकून-रांगत जवळ जायचं. नाहीच जमलं, तर रायफल खांद्यावर टाकून घरी यायचं. फ्रीझर रिकामा राहिला तरी चालेल. जखमी जनावर झाडीत सोडून येणं चालणार नाही.