राजीनाम्याचा कागद



मागील पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. विहारातील सायंवंदना आटोपून घरी आलो, तर ओट्यावर एक बाई आपल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन बसलेल्या. आमचे मांडवगण फराटा तालुक्याने शिरूरचे, पण भीमेच्या काठचे. नदी ओलांडली की दौंड तालुका. या बाई याच भागातील एका गावच्या ग्रामपंचायत सदस्या. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. मुलाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, आणि तिच्यात वहीतून फाडलेले चार कोरे कागद.

"दादा, तुमचं अक्षर चांगलंय. माझा राजीनामा लिहून द्या. सही मी करते."

मी आयुष्यभर कारकुनी केलेला माणूस. अर्ज लिहून मागणारे घरी येतात, त्याचे नवल नाही. पण याच बाईंच्या विजयाच्या सभेत मी वीस मिनिटे भाषण केले होते. माता रमाई, सावित्रीमाई, सगळे दाखले दिले होते. टाळ्याही मिळाल्या होत्या.

सौ.ने चहा केला. मी विचारले, "अक्का, वरचे लोक त्रास देतात का?"

"ते देणारच. त्याची सवय हाय मला. मागासवर्गीयांच्या पैशाचं विचारलं तर म्हणाले, खर्च झालाय, वहीत बघा. वही मागितली तर म्हणाले, पुढच्या मिटिंगला. त्याचं एवढं न्हाय वाटत." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "पण दादा, गुलाल उधळायला अख्खी वस्ती होती. ग्रामसभेला मी एकटीच. आणि आता आपलीच पोरं म्हणतात, हिनं पैसं खाल्लं."

मी गेल्या अकरा महिन्यांत त्यांच्या घरी एकदाही गेलो नव्हतो. चहाचा कप हातात तसाच राहिला.

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. पंचायतीत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि महिलांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ साली महिलांचा वाटा निम्म्यावर नेला. त्यामुळे उसाच्या फडात खुरपणाऱ्या आपल्या भगिनी पंचायतीच्या खुर्चीवर बसल्या. ही मोठीच गोष्ट आहे. परंतु कायद्याने खुर्ची दिली, तरी त्या खुर्चीमागे उभी राहणारी माणसे कायदा कशी देणार? ती वस्तीनेच द्यायची असतात.

ग्रामसभेचेच घ्या. गणपूर्तीला गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसे, यापैकी जी संख्या कमी असेल ती लागते. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी आपण गेलो नाही, की दुसऱ्या दिवशी पाच-पंचवीस माणसांत ठराव होतात. ते अख्ख्या गावाचे ठराव म्हणून वहीत चढतात. यात कोणी आपल्यावर अन्याय केला असे म्हणता येत नाही, कारण आपण घरी होतो. बायाबापड्यांना मजुरी बुडवून जाणे परवडत नाही हे खरे. पण आमच्या तरुणांना कोणती मजुरी आडवी येते, ते मला अजून कळलेले नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी सांगितले होते, की भारताला लोकशाही नवी नाही. बौद्ध भिक्खुसंघात बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, गणपूर्ती, शलाकांनी मतदान हे सर्व नियम होते. गणपूर्तीचा नियम आपल्या घरातलाच आहे, असे म्हटले तरी चालेल. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातील भक्तीबद्दलही बजावले होते. आपण ते मोठ्या पुढाऱ्यांना लावतो. मला त्या रात्री वाटले, ते वस्तीतल्या छोट्या कार्यकर्त्यालाही लागू आहे. आधी आपण त्याला खांद्यावर घेतो. मग त्याने एकट्याने सगळे करावे अशी वाट पाहतो. ते झाले नाही की त्याला विकला गेलेला ठरवतो. त्याच्या शेजारी बसून काम करायचे मात्र कोणाच्या डोक्यात येत नाही.

आपल्या पुणे जिल्ह्याचा इतिहास वेगळा आहे. १ जानेवारीला कोरेगाव भीमाच्या स्तंभाकडे आपण गाड्या भरभरून जातो. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे आले होते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. पण त्याआधी पंचवीस वर्षे या जिल्ह्यात शिवराम जानबा कांबळे नावाचा माणूस राबत होता, हे किती जणांना ठाऊक आहे? पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये बटलरची नोकरी करणारा हा गृहस्थ. विसाव्या शतकाच्या आरंभीच त्यांनी सासवडला ५१ गावांच्या महार मंडळींची सभा भरवली आणि सरकारकडे अर्ज पाठवला. १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढले. मुरळी म्हणून वाहिलेल्या शिवूबाई लक्ष्मण जाधव या भगिनीचे पत्र त्यांनी त्यात छापले, आणि पुढे तिचे लग्नही लागले. मला यात मासिकाइतकेच त्या ५१ गावांचे अप्रूप वाटते. ना मोटार, ना फोन. कोणीतरी पायी जाऊन प्रत्येक गावात निरोप दिला असेल, कोणी भाकऱ्या बांधून दिल्या असतील, कोणी नावे लिहून घेतली असतील. त्या निरोप्यांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत.

महाडचेही तसेच. मार्च १९२७ ची परिषद म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर चवदार तळे येते. पण परिषद महाडला व्हावी म्हणून बाबासाहेबांकडे खेपा घालणारे रामचंद्र बाबाजी मोरे तेव्हा ऐन पंचविशीतले तरुण होते. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात एक नोंद आहे. परिषदेला जमलेल्या लोकांना पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. मी बी. कॉम. झालेला माणूस, त्यामुळे माझे लक्ष अशा आकड्यांवर अडते. ते चाळीस रुपये कोणीतरी गोळा केले असतील आणि त्यांचा हिशेब ठेवला असेल. पाण्याच्या हक्काची परिषद, आणि पाणी विकतचे!

असो. त्या रात्री मी राजीनामा लिहिला नाही. सदस्याचा राजीनामा सरपंचाकडे द्यावा लागतो. मी अक्कांना एवढेच म्हणालो, "कागद माझ्याकडे राहू द्या. दोन महिन्यांनी तुम्ही म्हणालात तर लिहीन, एक अक्षर कमी करणार नाही."

मग पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायची असते, त्या खर्चाचा तपशील मागणारा अर्ज माहिती अधिकाराखाली केला. वर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावले. अर्ज अक्कांच्या नावाने न करता वस्तीतल्या बारावी झालेल्या एका मुलाच्या नावाने केला, म्हणजे रोष एकट्या बाईवर येणार नाही. विजयाच्या मिरवणुकीतील बँजोला वस्तीने किती हजार मोजले होते, ते मी येथे लिहीत नाही.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. पहिल्या खेपेला वस्तीतून सात जणी आल्या. पुढच्या वेळी अक्कांच्या शेजारणीने एक युक्ती काढली. ज्या दिवशी सभा, त्या दिवशी घरटी एकच बाई जाणार, आणि बाकीच्यांनी तिच्या वाटणीची खुरपणी उरकायची. माझ्या वीस मिनिटांच्या भाषणापेक्षा ही युक्ती शंभरपट कामाची निघाली, हे कबूल करतो. त्या वेळी एकतीस जणी आल्या. अक्का उभ्या राहून बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. मागून एक म्हातारी ओरडली, "बोल गं, आम्ही हायेत इथं." मग आवाज कापायचा थांबला.

हिशेबाची नक्कल मुदत टळल्यावर, अपील करतो म्हटल्यावर मिळाली. रविवारी विहारात सतरंजी टाकून आम्ही ती वाचली. दोन पोरांना मी जमा कुठली, खर्च कुठला, मागील शिल्लक कुठे पाहायची ते शिकवले. वस्तीतील दिव्यांचा खर्च वहीत होता, आणि खांब मोजले तर दोन कमी भरले. अक्कांनी पैसे खाल्ले म्हणणाऱ्यांपैकी एकजण तिथेच बसला होता. तो काही बोलला नाही. पण खांब मोजायला तोच गेला होता, हे मला नंतर कळले.

दोन खांबांचा प्रश्न ग्रामसभेत मांडला गेला, तो कार्यवृत्तात लिहून घेतला गेला, आणि लेखी उत्तर देऊ असे सांगण्यात आले. उत्तर अजून आलेले नाही. वस्तीतले दोन-चार घरचे लोक अक्कांशी आजही बोलत नाहीत. त्यांच्या सासूबाई तर अजून म्हणतात, "मेंबरकी घरात आल्यापासून चूल वेळेवर पेटत नाही." त्यांचेही खोटे नाही. सभेच्या दिवशी आता शेजारीण भाकरी टाकून देते.

दोन महिने झाल्यावर मी आपणहून विचारले, "अक्का, तो कागद?"

त्या म्हणाल्या, "राहू द्या तुमच्याकडंच. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला अर्ज लिहायला लागंल."