मुरूम टाकला म्हणजे पार्किंग झालं का?

परवा रविवारी भर पावसात, आपल्याकडच्या एका मोकळ्या पार्किंगमध्ये बाहेरगावची एक गाडी रुतली. आत म्हातारी आई आणि दोन लहान पोरं. ड्रायव्हर रेस देतोय, चाक जागेवरच फिरतंय आणि गाडी बोटाबोटानं खाली चाललीय. शेवटी आपल्याच गावातली चार पोरं धावली. "दादा, रेस देऊ नका, अजून रुतंल," म्हणत त्यांनी चाकाखाली फांद्या आणि जुनी पोती कोंबली आणि ढकलून गाडी काढून दिली. पोरं डोक्यापासून पायापर्यंत तांबडी झाली. जाताना त्या माणसानं पार्किंगची पावती पुढं धरली आणि शांतपणे विचारलं, "पैसे नक्की कशाचे घेतले?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणून ही पोस्ट.

आधी स्वतःची कबुली देतो. वीस वर्षं बातमीदारी करतोय. दर पावसाळ्यात मी 'पार्किंगची दुरवस्था, पर्यटक हैराण' ही बातमी दिलीय. फोटो बदलला, तारीख बदलली, मजकूर तोच. त्या चिखलाच्या खाली नेमकं काय टाकलंय, हे मी एकदाही विचारलं नाही. आपल्याकडचं वेळापत्रक सगळ्यांना पाठ आहे. मे महिन्यात नारळ, जूनमध्ये मुरूम, जुलैत चिखल आणि दिवाळीच्या आत बिल. पुढच्या वर्षी परत मुरूम. सरकारी जागा असो नाहीतर खासगी, खेळ एकच.

आता जरा हिशोब करू. महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. दहा गुंठ्याचं पार्किंग म्हणजे ढोबळ हजार चौरस मीटर. त्यावर एका पावसाळ्यात पंचावन्न लाख लिटर पाणी पडतं, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेपाचशे टँकर! यात वरच्या उतारावरून येणारं पाणी धरलेलंच नाही. जुलै २०२१ मध्ये तर चोवीस तासांत जवळपास सहाशे मिलिमीटर कोसळला होता. आंबेनळी घाटाची काय गत झाली ते आपण पाहिलंय. एवढ्या पाण्यात तुम्ही चार डंपर मुरूम पसरून म्हणता, झालं पार्किंग?

मुरूम का टिकत नाही ते समजून घ्या. त्यात मातीचा अंश भरपूर असतो. उन्हाळ्यात रोलर फिरवला की तो फरशीसारखा दिसतो, फोटोही छान येतो. पाणी मुरलं की तोच लगदा होतो. खाली आपली जांभ्याची तांबडी माती, ती आधीच भिजून मऊ. जुलैत तर जमिनीतूनही पाणी उपळतं. चाक आलं की दाबानं खडी खाली जाते आणि चिखल वर येतो. म्हणजे गेल्या वर्षीचा मुरूम वाहून तरी गेला नाहीतर जमिनीनं गिळला तरी. यंदाचाही तिथंच जाणार.

यावरचा उपाय दोनशे वर्षं जुना आहे. मॅकॅडम नावाचा स्कॉटिश माणूस एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेच सांगत होता: ओझं शेवटी जमीनच उचलते, पण ती कोरडी असली तरच. म्हणून आधी पाणी बाजूला काढा आणि मग फोडलेली, टोकदार खडी दाबून बसवा, म्हणजे तुकडे एकमेकांत अडकतात. नदीतले गोल गोटे चाकाखाली नुसते घरंगळतात. आपल्या रस्त्यांच्या कागदांत आजही 'डब्ल्यूबीएम' लिहितात ना, त्यातला शेवटचा एम म्हणजे हाच मॅकॅडम. नाव घेतलं, अक्कल तेवढी घेतली नाही.

मग करायचं काय? पहिलं काम पाण्याचं. जागेच्या वरच्या अंगाला खोल चर खणा, म्हणजे डोंगराचं पाणी आत येणारच नाही. शंभर फुटाला दोन-तीन फूट ढाळ द्या आणि खाली पाण्याला रीतसर वाट काढून द्या. दुसरं, वरची मऊ, काळपट, मुळ्यांची माती उकरून काढा. पहार नुसत्या हाताच्या जोरानं आत जात असेल तर तिथं खडी टाकणं म्हणजे पैसे पुरणं. तिसरं, मातीवर जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरा. ते पाणी जाऊ देतं, चिखल वर येऊ देत नाही. ताडपत्री चालणार नाही, तिच्यावर पाणी तुंबतं. चौथं, त्यावर आधी मोठी खडी, मग बारीक, वर कच. एकदम ढीग ओतायचा नाही. चार-सहा इंचांचा थर, त्यावर रोलर, मग पुढचा थर. जमीन फारच मऊ असेल तर एकूण जाडी फूटभर लागते. आणि हे सगळं जानेवारी ते एप्रिलमध्ये, जमीन वाळलेली असताना. पहिला पाऊस पडल्यावर रोलर फिरवणं म्हणजे चिखल तुडवणं.

यात परदेशी किंवा अवघड असं काही नाही. आपला स्ट्रॉबेरीचा शेतकरी हेच करतो. गादीवाफा उचलून घेतो म्हणजे मुळाशी पाणी साचत नाही. वर मल्चिंगचा कागद अंथरतो म्हणजे फळाला माती लागत नाही. पाणी वेगळं, माती वेगळी. आणि त्या चार पोरांनी चाकाखाली पोती घातली तेव्हा काय केलं? चाक आणि चिखल यांच्यात थर घातला. दोन मिनिटांत त्यांना जे सुचलं, ते आपल्या अंदाजपत्रकात वर्षानुवर्षं का येत नाही?

आता कोणीतरी म्हणणार, "सरळ काँक्रीट करून टाका की राव." नको. २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी हा पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील प्रदेश म्हणून जाहीर झालाय. इथलं प्रत्येक मैदान काँक्रीटनं झाकलं तर मुरणारं पाणी वेगानं उताराला लागणार आणि खालच्या माणसाचं शेत आणि बांध घेऊन जाणार. पेव्हर ब्लॉकही जादू नाहीत. खालचा पाया मऊ असेल तर ब्लॉकही वर्षभरात लाटेसारखे वरखाली होतात.

"खर्च परवडत नाही," हे दुसरं उत्तर. मान्य, एकदा नीट करायला जास्त पैसे लागतात. पण गेल्या पाच वर्षांत त्याच जागेवर किती डंपर मुरूम पडला, त्याची बेरीज मांडा ना! शिवाय हा मुरूम कुठून तरी डोंगर कापूनच येतो. आणि वाहून जातो कुठं? ओढ्याला. वेण्णा तलावाच्या वरच्या अंगाची माती शेवटी तलावातच जाणार, आणि त्याच तलावाचं पाणी महाबळेश्वर-पाचगणी पितं. म्हणजे एकदा पैसे देऊन डोंगर कापायचा, दुसऱ्यांदा पैसे देऊन तलावाचा गाळ काढायचा. स्वस्त म्हणायचं ते हेच का?

अजून एक कडू बोलतो. एकेकाळी पावसाळ्यात महाबळेश्वर बंद असायचं. घरांना झडी लागायच्या, माणसं उतरून जायची आणि जमिनीला चार महिने विश्रांती मिळायची. आता आपल्याला पावसाळी पर्यटन हवंय. माझा विरोध नाही, त्यावर अनेकांची चूल पेटते. पण जुलैचा धंदा करायचा तर जमीनही जुलैची लागते. ज्या जागा नीट बांधलेल्या नाहीत, त्या जून ते सप्टेंबर दोरी लावून बंद ठेवा. चिखलात गाड्या घालून पावती फाडणं हा धंदा नाही, ती फसवणूक आहे.

मागणी साधी आहे. यापुढे पार्किंगवर पैसा खर्च करणाऱ्यानं तीन गोष्टी बोर्डावर लिहाव्यात: पाणी कुठून काढलं, खाली कोणते थर किती जाडीचे टाकले आणि काम कोणत्या महिन्यात केलं. प्रत्येक थर झाकण्याआधी फोटो आणि मोजमाप पुस्तकात नोंद. सरकारी पैसा असेल तर ही नोंद माहिती अधिकारात मागता येते, आणि यंदा मी मागणार आहे. तीच ती 'पर्यटक हैराण'ची बातमी आता माझ्या हातून होणार नाही.

तुमच्या वाडीत, तुमच्या लॉजसमोर काय टाकलंय, तेही लिहा. पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा. फक्त "मुरूम टाकलाय की" एवढं उत्तर देऊ नका.