अठरावे सरले म्हणून बाप सुटला काय?

मुलाला अठरावे लागते ते बहुधा बारावीच्या निकालाच्या आगेमागे. कॉलेजचे शुल्क, वसतिगृह, पुस्तके हा सारा खर्च तेव्हाच दारात उभा राहतो. आणि आईबाप विभक्त झालेल्या घरात नेमकी तेव्हाच पोटगी थांबते. 'पोर सज्ञान झाले, आता कायद्याने माझा संबंध संपला,' हे बापाचे उत्तर आपल्या ख्रिस्ती कुटुंबांतही ऐकू येते. हे उत्तर आम्हांस मान्य नाही.

मालेगावातील एखाद्या आईचा हिशेब मांडून पाहा. मुलगी प्राथमिक शाळेत असताना ठरलेली रक्कम वह्या आणि गणवेश यांच्या बेताची. आज त्याच मुलीला सुमारे शंभर किलोमीटरवरच्या नाशकात प्रवेश मिळाला, तर खोली आणि खानावळ यांतच आईचा पगार संपतो. जी रक्कम वाढायला हवी, ती शून्यावर येते!

कायदा याविषयी काय म्हणतो? फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५व्या कलमाची जागा १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४व्या कलमाने घेतली. आशय तोच राहिला. निर्वाहखर्च अज्ञान मुलाला. सज्ञान अपत्याला तो शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे स्वतःचा निर्वाह करता येत नसेल तरच. हिंदू अविवाहित मुलीला १९५६च्या दत्तक व निर्वाह कायद्याचा आधार आहे. ख्रिस्ती मुलीसाठी तसा कायदा नाही. उलट आपल्याला लागू असलेल्या १८६९च्या घटस्फोट कायद्याने एतद्देशीय पित्याचा मुलगा सोळाव्या, तर मुलगी तेराव्या वर्षापर्यंतच अज्ञान मानली. २००१ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. ही व्याख्या मात्र तशीच राहिली. शतकापूर्वीचे हे माप आपण आणखी किती काळ सोसणार?

तरीही दार पूर्ण बंद नाही. २०१८च्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर असेच एक प्रकरण आले. मुलगी सज्ञान, पण शिकत असलेली. एक भाऊ शैक्षणिक कर्ज फेडत होता, दुसरा नोकरीच्या शोधात होता. अशा अविवाहित मुलीसाठी आई निर्वाहखर्च मागू शकते, असे न्यायालयाने म्हटले. पण मुलाचे काय? त्याची भूक सज्ञान होताच थांबते काय?

कोणी म्हणेल, यंत्रमागावर राबणारा बाप तरी आणणार कोठून? प्रश्न रास्त आहे. न्यायालयाने ऐपत पाहावी, हेच आमचेही म्हणणे आहे. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२०च्या निकालात पतिपत्नी दोघांनीही आपापली मिळकत शपथेवर सांगावी, असे घालून दिले. मुलांच्या शिक्षणाचा खर्च सामान्यतः बापाने करावा. आई पुरेशी कमावती असेल तर तो प्रमाणात वाटून घ्यावा, असेही त्यात आहे. ऐपत नसणे वेगळे आणि ऐपत असून तारखेकडे बोट दाखवणे वेगळे.

म्हणून आईने मूल अठरा वर्षांचे होण्याची वाट पाहू नये. परिस्थिती बदलली की रक्कम बदलून मागण्याची सोय पूर्वी १२७व्या कलमात होती, आता ती १४६व्या कलमात आहे. दहावी झाली की तिचा विचार करावा. परस्परसंमतीने घटस्फोट होत असेल, तर पहिल्या पदवीपर्यंतचा खर्च कोण आणि किती करणार, हे संमतिपत्रातच लिहून घ्यावे.

आणि धर्मग्रामाचे काय? मुलांच्या शारीरिक, सामाजिक आणि सांस्कृतिक संगोपनाचे अत्यंत गंभीर कर्तव्य आईबापांचे आहे, असे १९८३च्या धर्मसंहितेचे ११३६वे कलम सांगते. त्यात अठराव्या वर्षाची मर्यादा नाही. विभक्त स्त्रीकडे पाहून कुजबुजणारे आपण, त्या बापाला हे कलम कधी ऐकवतो काय? धर्मग्राम मंडळाने वर्षातून एकदा वकील बोलावून अशा मातांना सल्ला द्यावा. प्रापंचिकांच्या संघटनांनी संसदेकडे दोन गोष्टी मागाव्यात : १८६९ची ती व्याख्या रद्द करावी, आणि शिकणाऱ्या अपत्याचा, मुलगा असो वा मुलगी, निर्वाहखर्च पहिल्या पदवीपर्यंत चालू ठेवावा.

पतिपत्नीचे नाते तुटू शकते. बापाचे नाते तुटत नाही, आणि वाढदिवसाच्या तारखेने तर नाहीच नाही.