काळ्या वाळूतील मिश्रधातू
लोह-टायटॅनियमचा मिश्रधातू हायड्रोजन शोषून घेतो व ऊब मिळताच परत देतो. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेने १९७४ मध्येच हे दाखविले. साठा वजनाच्या दोन टक्क्यांहून कमी. मोटारीला जड, पण कारखान्याच्या आवारात वजनाची अडचण कोणाला? या धातूंचे खनिज, इल्मेनाइट, केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत आहे. शुद्ध इल्मेनाइटात दोहोंचे अणू समसमान. प्राणवायू तेवढा काढावयाचा. चवऱ्याच्या खनिजात लोह कमी, ते बाहेरून घालता येते. हरित हायड्रोजनासाठी केंद्राने २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले. त्यातून हा मिश्रधातू सार्वजनिक क्षेत्रातच तयार व्हावा. मात्र वाळूउपशाने किनारा खचतो म्हणून शेजारच्या आलप्पाडचे मच्छीमार २०१८-१९ मध्ये लढले. त्यांच्या संमतीवाचून एक टोपलीही उचलली जाता कामा नये.