सिमेंटच्या पोत्याचा ताळेबंद

युरोपीय संघाचा बांधकाम उत्पादनांविषयीचा नवा कायदा जानेवारी 2025 मध्ये अमलात आला. सिमेंट, सळई, काच, विटा तयार करणाऱ्यांना आपल्या मालामुळे हवामानावर किती भार पडतो, याचे आकडे आता टप्प्याटप्प्याने जाहीर करावे लागतील. अशा कागदाला एन्व्हायर्नमेंटल प्रॉडक्ट डिक्लरेशन, थोडक्यात ईपीडी, म्हणतात. भारतात तो ऐच्छिक आहे, तरी मोठ्या सिमेंट आणि पोलाद कंपन्यांनी तो करून घेतला आहे. बाजारकुणंगला त्याचे काय, असे कोणी विचारील. पण आपल्या जोयडा तालुक्यातही मातीच्या भिंती जाऊन स्लॅबची घरे येत आहेत, आणि पोती त्याच कंपन्यांची आहेत.

शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की 44 किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. भट्टीत कोळसा जाळा की आणखी काही, हा वायू दगडातूनच निघतो. त्यात इंधनाचा धूर मिळवला की साध्या ओपीसी सिमेंटच्या 50 किलोच्या पोत्यामागे साधारण 40 किलो वायू होतो. हजार चौरस फुटांच्या घराला 400 पोती धरली तर 16 टन. पीपीसीत 15 ते 35 टक्के राख असते, पीएससीत 25 ते 70 टक्के पोलाद कारखान्याची मळी. तेवढी भाजलेली चुनखडी वाचते आणि आकडा उतरतो. कोणते सिमेंट आहे ते पोत्यावर छापलेले असते. आपण मात्र भाव आणि कंपनीचे नावच पाहतो.

ईपीडी ताळेबंदासारखा वाचावा. बँकेत ताळेबंद समोर आला की आम्ही नफ्याच्या आकड्याआधी टिपा पाहत असू. इथेही आकडा एका टनाचा की एका घनमीटरचा, आणि हिशेब कुठे थांबवला, हे आधी पाहावे. कारखान्याच्या फाटकापासून आपल्या अंगणापर्यंतची वाहतूक दाखवणे बहुधा ऐच्छिक असते. घाटरस्त्याने ट्रक येणाऱ्या गावांना ही टीप महत्त्वाची. शिवाय ताळेबंद तपासलेला आहे म्हणजे कंपनी चांगली, असे जसे नसते, तसेच ईपीडी असणे म्हणजे माल पर्यावरणस्नेही, असे नाही. आकडे नियमाने काढले, एवढीच त्याची ग्वाही.

आणि काही खर्च त्या हिशेबात बसतच नाहीत. मुरगावला उतरलेला कोळसा रेल्वेने आपल्याच तालुक्यातील कॅसलरॉक, तिनईघाटावरून बळ्ळारीकडच्या पोलाद कारखान्यांना जातो. सळईच्या ईपीडीत त्या गाडीने जाळलेले इंधन येईल. पण रुळांच्या दोन्ही बाजूंच्या जंगलाचे काय? कॅसलरॉक ते कुळे दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये रद्द केली. त्या वादातले प्राणी आणि झाडे टनाच्या आकड्यात उतरत नाहीत. सुपा धरणाचे काँक्रीट आज कोणी मोजू शकेल. त्या पाण्याखाली गेलेले सुपे आणि रामनगरला हलवलेली घरे मोजण्याचा रकाना त्या कागदात नाही.

आम्हाला खरी काळजी मात्र वेगळी आहे. ईपीडी करून घेण्यास तज्ज्ञ, पडताळणी आणि पैसा लागतो. जवळच्या खाणीतला चिरा, कौलांची छोटी भट्टी, शेतातली माती यांच्यासाठी तो कोण काढणार? ज्यांना भाजावे लागत नाही त्या चिऱ्याचा आणि मातीचा भार कमी, पण त्यांच्याकडे कागद नाही. सिमेंटचा भार मोठा, पण कागद चकचकीत. उद्या घरकुल योजनेने किंवा गृहकर्जाच्या सवलतीने असा कागद मागितला, तर चिऱ्याचे घर अर्जातूनच बाद होईल. म्हणून सक्ती येण्याआधी चिरा, माती आणि कौले यांचे सरासरी आकडे सरकारनेच काढून जाहीर करावेत, आणि कागद नसलेल्या स्थानिक मालाला ते लागू धरावेत. ही मागणी ग्रामसभेच्या ठरावातून तालुक्याला पाठवता येते.