खोडलेली नोंद

कार्टून म्हणजे पोरखेळ, आणि त्यासाठी पैसे मोजणारा माणूस वेडा, असे मीही समजत होतो. वॉल्ट डिस्नेच्या ‘सिली सिम्फनीज’ पाहिल्यापासून ते मत डळमळले आहे. १९२९ ते १९३९ या काळात निघालेले हे पंचाहत्तर छोटे संगीतपट. पहिला ‘द स्केलेटन डान्स’. त्यात स्मशानात सांगाडे नाचतात आणि एक सांगाडा दुसऱ्याच्या मणक्यांवर हाडांनी वाजवतो. माझा कन्नड खोलीमित्र आणि मी ते मोबाईलवर पाहताना एकाच क्षणी हसलो. भाषांतर कुणी कुणाला करायचे, हा प्रश्नच आला नाही. (आपल्या कॉलेजात हेही काही कमी नव्हे!) संगीतकार कार्ल स्टॉलिंग यांची कल्पनाच अशी, की आधी संगीत आणि मग त्याच्या तालावर चित्रे.

या चित्रांची जुनी रिळे, २००१ साली पत्र्याच्या डब्यात निघालेल्या डीव्हीडी, यांच्यामागे संग्राहक धावतात. का? अर्थशास्त्राचे पुस्तक म्हणेल, दुर्मिळता. मला ते उत्तर अपुरे वाटते.

१९३३ चा ‘थ्री लिटल पिग्ज’ घ्या. याला ऑस्कर मिळाले, त्याचे गाणे अमेरिकाभर गाजले. मूळ चित्रात लांडगा ज्यू फेरीवाल्याचे सोंग घेऊन दाराशी येतो. ती ज्यूंची उघड कुचेष्टा होती, आणि तीही हिटलर जर्मनीत सत्तेवर आला त्याच वर्षी. पुढे १९४८ च्या पुनःप्रदर्शनासाठी तेवढा भाग नव्याने रेखाटला गेला. मुलांना दाखवायचे तर बदललेलेच दाखवावे, याबद्दल माझे दुमत नाही.

पण आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांना पहिल्याच वर्षी शिकवतात, की रोजकीर्दीतली चुकीची नोंद खोडायची नाही. ती तशीच ठेवून खाली दुरुस्तीची नोंद करायची. मूळ प्रतच नाहीशी झाली, तर ही चूक कधी झालीच नव्हती असे उद्या कोणीही म्हणू शकेल. त्या काळच्या नायट्रेट फिल्मा तर आपोआप कुजतात, भडकन पेटतात. म्हणून जुनी प्रत जपणारा संग्राहक मला वेडा वाटत नाही.

मात्र भाव वाढेल म्हणून ती कपाटात कुलूपबंद ठेवणारा आणि कोणालाच न दाखवणारा संग्राहक असेल, तर त्याला मी साठेबाजच म्हणेन.